हौमेआ आणि माकेमाकेचा रंग १४ इंची दुर्बिणीतून

नभ_भोर:
१४ इंची दुर्बीण, मोनो (कृष्णधवल) सीमॉस कॅमेरा, स्लोन मालिकेतले 'जी' (हिरवट) आणि 'आर' (तांबडा) फिल्टर. जागा भोरच्या पुढे, पुण्याचा उजेड उत्तरेला. एप्रिलमध्ये दोन्ही बटुग्रह जवळपास डोक्यावरून जातात. आधी तासभर जी, मग तासभर आर घेतलं तर चालेल का? आणि रंगावरून पाण्याचा बर्फ की मिथेन हे कळतं का?

प्रत_सतरा:
हौमेआसाठी अजिबात नको. तो लांबट आहे आणि ३.९ तासांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे एका फेरीत दोनदा उजळतो. सर्वांत तेजस्वीपासून सर्वांत मंद व्हायला जेमतेम एक तास, फरक सुमारे ०.२८ प्रत (तेजाचं माप). तुमच्या पद्धतीत हा चढउतार रंगात मिसळेल. आर-जी-आर-जी-आर अशी साखळी लावा, दर वेळी २ मिनिटांच्या ५ फ्रेम. जीच्या अलीकडच्या-पलीकडच्या आरची सरासरी काढून मगच ती जीमधून वजा करा; हाच 'जी-आर' रंग.

फ्रेम ताऱ्यांवर जुळवून रचताना १५ मिनिटांपुढे जाऊ नका. हौमेआ तासाला अडीच आर्कसेकंद सरकतो, लांब स्टॅकमध्ये तो पसरतो आणि लहान अपर्चरबाहेर (प्रकाश मोजायच्या वर्तुळाबाहेर) प्रकाश सांडतो. मागे फिका तारा लपलाय का, हे दुसऱ्या रात्री तीच जागा टिपून पाहा. तोवर हौमेआ एक आर्कमिनिट पुढे गेलेला असतो.

प्रती पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाच्या ताऱ्यांच्या यादीवरून बसवा आणि कलर टर्म (ताऱ्याच्या रंगानुसार तुमच्या मापात पडणारा फरक) काढा. त्यासाठी जी-आर ०.३ ते ०.९ मधलेच तारे घ्या, तांबडे बटुतारे वगळा. दोन्ही फिल्टरांत सिग्नल-नॉइज (संकेत आणि गोंगाटाचं गुणोत्तर) ५० मिळालं तर रंगात ०.०३ ची चूक राहते. तेवढं पुरे.

बर्फ_कर्वेनगर:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. जी-आरमधून फक्त वर्णपटाचा उतार कळतो, म्हणजे तांबड्याकडे तेज किती वाढतं ते. सूर्याचा जी-आर सुमारे ०.४४, हौमेआ त्याच्याजवळ, माकेमाके स्पष्ट तांबूस. पण करडा (सूर्यासारख्या रंगाचा) म्हणजे बर्फ असं समीकरण नाही. शनी-युरेनसदरम्यान फिरणारा कायरॉनही करडाच, पण पृष्ठभाग बराच काळपट. हौमेआवरचा बर्फ पटला तो अवरक्त प्रकाशातल्या १.५ आणि २ मायक्रॉनच्या शोषण-पट्ट्यांमुळे. तांबूसपणा बहुधा किरणोत्साराने भाजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा. मूळ द्रव्य मात्र वेगळं असू शकतं: माकेमाकेवर मिथेन, नेपच्यूनपलीकडच्याच अ‍ॅरोकॉथवर मिथेनॉल.

नभ_भोर:
मग 'आय' फिल्टर (आरच्या पलीकडचा, अवरक्ताजवळचा) वाढवू का?

बर्फ_कर्वेनगर:
माकेमाकेसाठी 'झेड' (आयच्याही पलीकडचा) बघा. मिथेनचा ०.८९ मायक्रॉनचा पट्टा त्यात येतो, ०.७३ चा आयमध्ये येतो, पण तो उथळ. झेडमध्ये सीमॉसची संवेदनशीलता पडते, फ्रेम तिप्पट तरी लागतील.