वॉटरकलर शिकतोय, पण ब्रश हातात घ्यायची इच्छाच होईना

होटगीरोडकर: टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, घरी यायला साडेआठ होतात. दिवाळीत वॉटरकलर सुरू केलं, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली त्यामुळं वाटलं जमंल की. पहिले दोन महिने रोज बसायचो, आता मे महिन्यात पेटीवर धूळ. सिद्धेश्वर तलाव आणि मंदिर सात-आठ वेळा काढलं, दरवेळी आकाशात कडा पडतात नाहीतर डाग. मध्यंतरी लेक म्हणाली पप्पा ढगाच्या जागी फ्लॉवर का काढलाय? त्या दिवसापासून बसलोच नाही बघा. बायको ट्यूबांचा हिशोब मागते ते वेगळंच.

ओला_ब्रश: लेकीला शाबासकी द्या, इंग्रजीतपण त्या डागाला फ्लॉवरची भाजीच म्हणतात 😄 वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्धवट वाळलेला असताना पाण्यानं भरलेला ब्रश लागला की ते पाणी रंगाला बाजूला ढकलत जातं आणि कड तयार होते. सोलापुरात मे मध्ये, डोक्यावर पंखा, आकाश एका टोकाकडून दुसरीकडं नेईपर्यंत पहिलं टोक वाळणारच ना, तुमचा हात खराब नाहीये. कागद कुठला वापरता? साधा ड्रॉइंग पेपर असंल तर सोडा तो, ३०० जीएसएमचा म्हणजे जाड कॉटन कागद घ्या, दोन्ही बाजूनं भिजवून काचेवर चिकटवा, बराच वेळ ओला राहतो. आणि सकाळी सहाला बसा.

कडकभाकरी: कागदाचं पटलं पण एक सांगू का, मी महागडा कागद आणला आणि वर्षभर कपाटात ठेवला, खराब होईल म्हणून हातच लावला नाही 🙈 शेवटी फाडून पोस्टकार्डाएवढे तुकडे केले तेव्हा सुटले. मी शाळेत शिकवते, घरी दोन पोरं, मला पण दोन तास कुठनं मिळणार. वीस मिनिटात एक तुकडा, बिघडला तर मागची बाजू. आणि पेटी कपाटात ठेवू नका हो, काढायचाच कंटाळा येतो, माझी शेंगाचटणीच्या बरणीशेजारी असते. नुसते दोनच रंग घ्या, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी, त्यातनं जो करडा येतो त्यात भुईकोट किल्ल्याची अख्खी भिंत होते.

जुनी_पेठ: सात-आठ वेळा एकच तलाव काढला म्हणून काय वाईट वाटून घेताय बे. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलमध्ये शिकून परत गावी आले आणि रंकाळा, कोटितीर्थ हेच तलाव परत परत रंगवत राहिले. फक्त सगळ्या चित्रांमागं तारीख टाका, दिवाळीतलं आणि आत्ताचं शेजारी ठेवून बघा. इन्स्टावरचे रील बघणं मात्र बंद करा, मला तर त्यानंच डिप्रेशन यायचं.

होटगीरोडकर: आज सहाला उठलो. छोटा तुकडा, पंखा बंद, आकाश एकदम झकास उतरलं, एक कड नाही! तेवढ्यात कपाळावरचा घामाचा थेंब बरोब्बर मधोमध पडला आणि परत फ्लॉवर. ठेवलाय तसाच, मागं तारीख पण टाकली. पंखा चालू ठेवून जमंल असा काय उपाय आहे का कुणाकडं?