फ्लॅक्स सीड्स तीन महिने खाऊनही कोलेस्टेरॉल ढिम्म! काय चुकतंय?

ठाणेकरीण:
नमस्कार मंडळी. वय ४८, दिवसभर खुर्चीत बसायचं काम. मार्चमधल्या तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी एवढ्यात नको, तीन महिने खाणं सांभाळा, चाला, मग बघू. ऑफिसातल्या मैत्रिणीने फ्लॅक्स सीड्स सुचवल्या. मॉलमधून चकचकीत पाकीट आणलं आणि रोज सकाळी चमचाभर बिया दह्यात घालून खाल्ल्या, एक दिवस चुकवला नाही. चालण्याचं विचाराल तर... आठवड्यातून दोनदा, तेही भाजी आणायला. काल रिपोर्ट आला. १४६.

सासूबाई लातूरकडच्या. त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर जवस! चावतेस तरी का?" चावत कुठे होते, दह्याबरोबर गिळत होते. आणि लहानपणापासून जी चटणी बोटं चाटून खाल्ली, तिच्यातलाच हा दाणा हे मला ४८व्या वर्षी कळलं.

आता खरी काळजी यजमानांची. वय ५४, बीपीची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी हृदयाची झडप बदलली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळीही आहे. त्यांना व्हॉट्सॲपवर आलंय की रोज दोन चमचे जवसाचं तेल प्यायलं की बीपीची गोळी सुटते. तेल ऑर्डर करायच्या बेतात आहेत. काय सांगू?

वावरातली:
मी वर्ध्याची, वय ६७. सासू तुला बरोबर बोलली बाई. जवसाचं टरफल गुळगुळीत आणि चिवट असते. अख्खा दाणा गिळला की जसा गेला तसा सकाळी बाहेर. आमच्याकडे तो अख्खा कोणीच खात नाही. कुटूनच खातात.

चटणी अशी कर. वाटीभर जवस निवडून घे, खडा फार असतो. लोखंडी कढईत मंद आचेवर कोरडेच भाज. तडतड वाजून उडायला लागले की दोन मिनिटांत उतरव, करपले की कडू. त्याच कढईत पाच-सहा लाल मिरच्या, जिरं, सात-आठ लसणाच्या पाकळ्या सालासकट फिरव. मीठ घालून खलबत्त्यात कुट. मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरव, एका दमात फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. ज्वारीच्या भाकरीवर चटणी घे, मधोमध खळगा करून कच्चं तेल सोड, संगं कांदा. दह्यात कालवली तरी चालते.

आणि एकाच वेळी किलोभर करून ठेवू नको. आठ-दहा दिवसांपुरतीच. जुनी झाली की खवट वास मारते, तो वास आला की फेकायची.

माझ्या सासूबाई गळू झालं की जवसाच्या पिठाचं गरम पोटीस बांधत. बाळंतिणीला जवसाचे लाडू देत. तेव्हा ओमेगा कोणाला माहीत होतं?

पथ्यकर:
मी आहारतज्ज्ञ आहे. काकूंनी मर्मावर बोट ठेवलंय, थोडे आकडे मी देतो.

दळलेल्या जवसाचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण ७ ग्रॅम. त्यात जवळपास २ ग्रॅम तंतू आणि दीड ग्रॅमच्या वर एएलए, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३. शिवाय लिग्नन नावाची द्रव्यं, ती जवसात इतर खाद्यपदार्थांपेक्षा कितीतरी जास्त. भिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तो विरघळणारा तंतू. तो आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, नवीन पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, आणि तिथे थोडा फरक पडतो. "थोडा" हा शब्द मुद्दाम वापरतोय. १४८ चं ९० होणार नाही. वजन, चालणं आणि रोजच्या तळणाकडे बघावंच लागेल.

मासे खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एएलएपासून शरीर ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशांतली ओमेगा-३, बनवतं, पण फार कमी. बांगडा-तारलीत ती थेट मिळतात. शाकाहाऱ्यांना जवसाचं मोल म्हणून जास्त.

एका चमच्याने सुरू करा, दोनवर थांबा, पाणी भरपूर प्या. पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ सुटायच्या ऐवजी वाढतं. कच्च्या जवसात सायनाइड तयार करणारे घटक थोडे असतात. एक-दोन चमच्यांत काळजी नाही, भाजल्यावर ते आणखी कमी होतात. वाट्याच्या वाट्या कच्चं पीठ मात्र खाऊ नका.

यजमानांबद्दल स्पष्ट सांगतो. तेलात तंतू नसतो, लिग्ननही जवळजवळ नसतात. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असताना त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज तेल पिणं नकोच, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, हलला तर कृत्रिम झडप असलेल्या माणसाला ते महागात पडतं. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायचा तर विषयच नाही.

विनिपेगचा भंडारेकर:
बीपीवाल्या फॉरवर्डचं मूळ बहुतेक आमच्या गावात, कॅनडातल्या विनिपेगमध्ये आहे. इथल्या सेंट बोनिफेस इस्पितळाच्या संशोधन केंद्रातला प्रयोग, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले ११० रुग्ण. एका गटाला सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस मफिन, बेगल वगैरेंतून दिलं, दुसऱ्याला दिसायला तसेच पण बिनजवसाचे पदार्थ. जवसवाल्यांचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० ने, खालचं ७ ने कमी निघालं. आकडा चांगलाच आहे. पण यात दळलेलं जवस होतं, तेल नव्हतं, आणि गोळ्या बंद करून हे केलं नव्हतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकं तेवढंच गाळलं.

कॅनडात जवसाचं पीक मोठं आहे. जुलैत गावाबाहेर निळी शेतं लागतात, फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. पहिल्या वर्षी गाडी थांबवून बघत बसलो होतो. आमच्या भंडाऱ्याकडे धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत जवस आणि लाखोरी (लाखेची डाळ) फेकायचे. त्याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही, धानाच्या उरलेल्या ओलीवर पीक. घरची भाजीही जवसाच्याच तेलात व्हायची. मुंबईच्या मित्रांना ते सांगितलं की तोंडं वाकडी करायचे. आता तेच मित्र लहानशा बाटलीचे फोटो टाकतात.

नाईट वॉचमन:
तेलाचा विषय निघालाच आहे म्हणून. आम्ही नवीन बॅटला जे पाजायचो ते जवसाचंच तेल. हवेत सुकून त्याचा कडक थर होतो, म्हणून रंगातही घालतात. हार्डवेअरच्या दुकानात "बॉइल्ड" लिहिलेला जो डबा मिळतो त्यात लवकर सुकायची रसायनं असतात. ते पोटात जायचं नाही. माझ्या एका काकांनी "जवसाचंच तर आहे" म्हणत विकत घेतलं होतं, काकूने डबा बघितला म्हणून वाचले.

ठाणेकरीण:
सगळ्यांचे आभार. सगळे प्रतिसाद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. नाईट वॉचमन, तुमच्या काकांपाशी ते हसले आणि ऑर्डर रद्द केली. सोमवारी त्यांची आयएनआरची तपासणी आहे, चटणीचंही डॉक्टरांना तिथेच विचारणार.

माझ्यापुरती आज पहिली चटणी केली. वावरातली काकू, अर्धे जवस कढईतून उडून ओट्यावर आणि एक दाणा थेट माझ्या भुवईवर. सासूबाई बाजूला उभ्या राहून हसत होत्या, झाकण हातात असून दिलं नाही.

वावरातली:
झाकण पूर्ण लावू नको, वाफ धरते. अर्धं ठेव. आणि भाजताना चष्मा घालत जा.