प्रकल्पाचा विषय: अख्खा जिल्हा की शिवारातला नाला?

शिवारकर: भाची एम.ए. भूगोल करतेय. काल आराखडा दाखवला, 'बेळगाव जिल्ह्यातील भूमी उपयोगातील बदल'. हातात एकच सत्र! मी म्हटलं, बाळ, येळ्ळूर-वडगावच्या शिवारातला बळ्ळारी नाला घे. पाणी कुठल्या बांधाला तुंबतं आणि का, एवढंच शोध. माझ्या प्रकल्पाला मी जिल्ह्याचे तेव्हाचे दहाच्या दहा तालुके घेतले होते. कणकुंबीचा पाऊस आणि अथणीचा दुष्काळ एकाच तक्त्यात कोंबला, वर जनगणनेचे आकडे उतरवले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "यातलं तू स्वतः काय बघितलंस?" मला एक वाक्य बोलता आलं नाही.

नकाशावाला: दादा, नाही पटत. लँडसॅट उपग्रहांची 1972 पासूनची चित्रं फुकट मिळतात, सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रात तर एक ठिपका 10 मीटरचा. शहर कुठल्या अंगाला पसरलं हे पायी फिरून कसं दिसणार? नाला घेतला तर निष्कर्ष त्या नाल्यापुरताच. पुढे पीएचडी करायची तर हे तंत्र आत्ताच हातात यायला हवं.

वडगावचा शेतकरी: लँडसॅटचा ठिपका 30 बाय 30 मीटर, म्हणजे जवळजवळ 9 गुंठे. आमच्याकडे वाटण्या होऊन पाच-सहा गुंठ्यांचे तुकडे झालेत. एका ठिपक्यात माझं भात, चुलत्याची भाजी आणि मधला बांध. शिवाय जुलै-ऑगस्टला आभाळ उघडतं कुठं? 2019 च्या ऑगस्टात लावलेलं रोप पाण्याखाली कुजलं. नाल्यात जलपर्णी अडकून पाणी मागं सरतं, ते वरून कळत नाही. बांधावर या.

नकाशावाला: गुंठ्यांचं मान्य. ढगांचं नाही. सेंटिनेल-1 रडारवर चालतो, ढगाआडूनही साचलेलं पाणी टिपतो.

खानापूरची ताई: नकाशा कुठलाही घ्या, प्रश्नावली तेवढी इंग्रजीत नेऊ नका. मी नेली होती. 'सिंचनाचा स्रोत कोणता?' विचारलं, आजी गप्प. "पाणी कुठलं ओ आजी?" म्हटल्यावर विहीर किती हात खोल, कुठल्या महिन्यात तळ दिसतो, सगळं सांगितलं. आपल्या भागात मराठी आणि कन्नड दोन्हीत प्रश्न हवेत. आधी पाच घरी विचारून बघा, अडलेले प्रश्न बदला, मगच पन्नास प्रती काढा. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो, वाचणारं माणूस सोबत घ्या.

शिवारकर: रडारचं मला नवीन आहे, भाचीला आजच सांगतो. ऑगस्टचं पाणी त्यावर बघायचं आणि त्याच जागी जाऊन लोकांना विचारायचं. पण जिल्हा नाही म्हणजे नाही.

नकाशावाला: मग निदान तालुका तरी घ्या. तुलनेला दुसरं काही नसेल तर नाल्याचं वेगळेपण दाखवणार कसं?

शिवारकर: तुलना नाल्याच्याच वरच्या आणि खालच्या अंगाची. वडगावचे मालक, रविवारी तिला घेऊन येऊ का?

वडगावचा शेतकरी: या की. आठच्या आत या, नंतर मी बाजाराला जातो.