रिकार्डो आला की पोरं व्हिडिओ बंद करतात, काय करू?

सांगलीची_मास्तरीण
नमस्कार मंडळी. मी सांगलीत तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते आणि शनिवार-रविवार दूरशिक्षणाच्या पोरांसाठी व्हिडिओ करते. यंदा तृतीय वर्षाला आंतरराष्ट्रीय व्यापार आणि जागतिकीकरण आहे. ४२ मिनिटांचा व्हिडिओ टाकला, पीपीटी लावून, मागे माझा आवाज, आणि नंतर आकडे उघडून बघितले तर बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला गायब, म्हणजे रिकार्डोचा (देशांनी आपसात व्यापार का करावा हे मांडणारा जुना अर्थतज्ज्ञ) तक्ता आला की गेलेच. तुलनात्मक खर्च लाभ, इंग्लंडचं कापड, पोर्तुगालची वाईन... मलाच बोलताना झोप येत होती तर त्यांचं काय. पोरं म्हणजे कुपवाड एमआयडीसीत मशीनवर असणारी, एक कवठेमहांकाळची सून, बाळ झोपलं की बघते, एक मिरजेचा वायरमन. वर्गात तोंडं बघून कळतं कुठं अडलंय, इथं कॅमेऱ्याकडं बघून काय कळणार? कुणी असे व्हिडिओ केलेत का? कॅमेरा, माईक सोडा, विषय कसा मांडायचा ते सांगा.

तासगाव_बागायतदार
मॅडम मी काय प्राध्यापक नाय, द्राक्षवाला आहे, पण रिकार्डो मी पोराला बागेत शिकवला (तो बीकॉमला आहे, पुस्तक वाचून मला विचारायला आला). आमचे मामा दिवसाला ६० क्रेट घड काढतात, नाहीतर पेट्या भरायला बसवले तर ६० पेट्या भरतात. नवीन आलेला पोरगा २० क्रेट काढतो, पेट्या ४०. मामा दोन्हीत भारी, मग पोराला घरी पाठवायचं का? नाय. मामांना एक क्रेट काढायला एक पेटी सोडावी लागते, पोराला एका क्रेटपायी दोन पेट्या. म्हणून मामा काढणीला आणि पोरगा पेट्यांवर. पोरगा म्हणाला, एवढंच होय! आता यातनं पोर्तुगालवर जा, तिथंपण पोर्तुगाल दोन्हीत भारीच होतं, तेवढ्याच मालासाठी त्यांना वाईनला ८० माणसं आणि कापडाला ९०, इंग्लंडला १२० आणि १००, हे मला पोरानंच दाखवलं.

आणि जागतिकीकरण म्हणून वेगळं कायतरी शिकवू नका, आमच्या पॅकहाऊसला या. घड काढला की कात्रीनं खराब मणी काढायचे, ५०० ग्रॅमच्या पनेटात (छोट्या डब्यात) भरायचं, प्री-कुलिंग, मग रीफर म्हणजे थंड कंटेनर, न्हावा शेवा बंदर, तिथनं युरोप. तांबड्या समुद्रात २०२३ च्या शेवटी जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि आमचा माल दहा-बारा दिवस जास्त पाण्यावर. हा धडा पुस्तकात कुठं आहे? २०१० ला सीसीसीचे (वेलीची वाढ रोखायचं औषध) अंश सापडले म्हणून माल युरोपात अडकला तेव्हा आमच्याकडं लई लोकांचं कंबरडं मोडलं. कर नाय लावला त्यांनी, नुसता नियम लावला, आणि माल थांबला.

रात्रपाळी_कुपवाड
मॅडम मी तुमचा नाही पण असल्याच एका कोर्सचा विद्यार्थी. आम्ही बघत नाही, ऐकतो. बसमध्ये एका कानात इअरफोन, स्पीड दीडपट. तुम्ही "स्लाईडवर बघा" म्हणालात की आम्ही गेलो. आकडे तोंडाने बोला, हळू. ४२ मिनिटांचं एक करण्यापेक्षा ७-८ मिनिटांचे पाच करा, आणि पहिल्या वाक्यात सांगा आज काय कळणार, "नमस्कार, मागील भागात आपण..." नको. रविवारी डेटा संपलेला असतो तर फक्त ऑडिओची फाईलपण ग्रुपवर टाका, ५ एमबीच्या आत बसली तर देवच पावला.

वाई_निवृत्त_मास्तर
बागायतदारांचं उदाहरण झकास आहे, पण मॅडम एक धोका सांगतो. उदाहरणात रमलं की परीक्षेत पोरं "मामा आणि पोरगा" लिहून येतात. व्याख्या आणि तिची गृहीतकं, म्हणजे दोन देश, दोन वस्तू, श्रम हा एकच घटक, वाहतूक खर्च नाही, हे शेवटी दोन मिनिटं कोरडं सांगाच. उलट तिथंच प्रश्न टाका की वाहतूक खर्च नाही हे धरलंय, मग दहा-बारा दिवसांच्या वळशाचं काय? पोरं स्वतःच सिद्धांताच्या मर्यादा काढतील.

दुसरं, सांगलीत शिकवताना हळदीचं पेटंट आणाल, तर "डब्ल्यूटीओने (जागतिक व्यापार संघटनेने) हळद वाचवली" असं बोलू नका, अनेक व्हिडिओत हे मी ऐकलंय. हळदीने जखम भरते यावरचं ते अमेरिकेतलं पेटंट होतं, १९९५ ला दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने अमेरिकेच्याच पेटंट ऑफिसात जुने दाखले देऊन आव्हान दिलं आणि १९९७ ला रद्द झालं. डब्ल्यूटीओही १९९५ चीच, त्यामुळे लोक एकात एक कालवतात.

आणि नुसतं निर्यातीचं कौतुक नको. आमच्या लोणंदच्या कांद्यावर एक भाग करा. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, मे २०२४ ला उठवली ती टनाला ५५० डॉलर किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. बंदी, किमान निर्यात किंमत, शुल्क, तिन्ही एकाच कांद्यात. शहरातला ग्राहक एका बाजूला, शेतकरी दुसऱ्या बाजूला, आणि मधे उभं राहून पोरांना विचारा, तुम्ही मंत्री असता तर काय केलं असतं. उत्तर देऊ नका.

सांगलीची_मास्तरीण
अहो तुम्ही तर माझं सहा महिन्यांचं काम सोपं केलंत. दादा, पॅकहाऊसला खरंच येऊ का? मोबाईलवरच शूट करीन, ट्रायपॉड नाही, माझी भाची धरून उभी राहील. मास्तर, हळदीचं मी अगदी तसंच चुकीचं बोलले होते गेल्या वर्षी 🙈 तो व्हिडिओ काढून टाकते आजच. गृहीतकं शेवटी घेण्याऐवजी मी वेगळा छोटा ऑडिओच करते, परीक्षेच्या आदल्या रात्री ऐकायला.

तासगाव_बागायतदार
या की, रविवारी सकाळी ७ ला, काढणी लवकर चालू होते. भाचीला स्वेटर घालून आणा, प्री-कुलिंगच्या खोलीत मोबाईल धरून दहा मिनिटं उभं राहणं सोपं नाय. आणि मामांना आधी सांगू नका की त्यांच्यावर धडा होणार आहे, नायतर ते त्या दिवशी ८० क्रेट काढतील आणि सगळं गणित बिघडेल.