मदत हवी आहे: बुबुळातली बुरशी आटोक्यात, पण सूज उतरत नाही

नमस्कार. माझ्या काकांना ऊस तोडताना पाचटाचं पातं डोळ्याला लागलं. दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड होतं. लाली उतरली, पण आत बुरशी पसरत गेली. बुबुळ (कॉर्निया) खरवडून तपासल्यावर फ्युजेरियम जातीची बुरशी निघाली. आता नॅटामायसिन ५ टक्के हे बुरशीवरचे थेंब चालू आहेत. त्या औषधाबद्दल शंका नाही. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत (२०१३) व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधापेक्षा तेच सरस ठरलं होतं, फ्युजेरियमवर तर जास्तच.

अडलंय ते सुजेपाशी. डॉक्टर म्हणाले, बुरशी मारायला धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची एन्झाइम बुबुळाला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिनही विरघळवतात. म्हणजे बुरशी मेल्यावरही जखम खोल जाऊ शकते आणि फूल (पांढरा डाग) पडू शकतं. स्टेरॉइडने सूज दबेल, पण बुरशीचा एखादा तंतू जिवंत राहिला असेल तर त्याला मोकळं रान मिळेल. या पेचात काका रात्र रात्र कळा सोसताहेत, बघवत नाही.

इथल्या नेत्रतज्ज्ञांना आणि यातून गेलेल्यांना विचारायचं आहे: बुरशी पूर्ण गेली हे कशावरून ठरवतात, फक्त जखम भरल्यावरून की पुन्हा खरवडून तपासून? त्यानंतर स्टेरॉइड कुणाला दिलं होतं का? सायक्लोस्पोरिनचे (स्टेरॉइड नसलेलं, सूज कमी करणारं औषध) थेंब हा पर्याय कुणी वापरलाय? बुबुळ बदलायची वेळ आली तर डोळा शांत होईपर्यंत थांबावं का? उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होतील. पुढच्या तपासणीला त्यांना नेमकं काय विचारायचं, तेवढं कळलं तरी मोठा आधार होईल.