न्यूकॅसलचे आजोबा 'यम' म्हणतात तेव्हा

सांगलीची_पोर
मंडळी, मदत करा. फिजिओथेरपिस्ट म्हणून न्यूकॅसलला येऊन चार महिने झाले. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगमध्ये नऊपैकी ८.५ मिळाले होते, आता ते कुणाला सांगायची लाज वाटते. परवा खुब्याचं ऑपरेशन झालेले ८२ वर्षांचे आजोबा माझा हात धरून म्हणाले, "आम गॅनिन येम द मॉरा, पेट." मला त्यातला फक्त यम ऐकू आला! घाबरून सिस्टरला हाक मारली, तर ती पोट धरून हसायला लागली. आजोबा म्हणत होते, "उद्या घरी चाललो, बाळा."
मी बोलते ते त्यांना कळतं, त्यांचं मला कळत नाही. कान तयार कसा करायचा?

लीड्सचा_बसवाला
ताई, यम भारीच! डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही घराला जवळजवळ असंच म्हणतात, म्हणजे शब्दात तशी काही खोट नाही.
मी इथे सतरा वर्षं बस चालवतोय. सुरुवातीला 'बुस' ऐकून मलाही गंमत वाटायची. उत्तर इंग्लंडात सगळीकडे बसचा बुस आणि कपचा कुप होतो. एवढं एक डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. आमचे यॉर्कशायरवाले वर 'द' गिळतात, त्याच्या जागी घशात नुसता एक ठसका उरतो.
तुमच्याकडचं 'वोर लॅस' ऐकलंत का? म्हणजे 'आमची ही'. बायको एकट्याची, पण बोलायचं 'आमची'! 'गिव्ह अस' म्हणणाराही एकटाच असतो. आपल्याला हे शिकवायला नको.
पावाचं मात्र जपून. मँचेस्टरात बार्म, नॉटिंगहॅमला कॉब, कॉव्हेंट्रीत बॅच. आमच्याकडे साध्या पावाला टीकेक म्हणतात. दक्षिणेकडचा पाहुणा त्यात मनुका शोधत बसतो.

उच्चारवेडी
आजोबांसमोर चुकूनही 'तुम्ही संडरलंडचे का?' असं विचारू नका. न्यूकॅसलचे जॉर्डी, संडरलंडचे मॅकेम. अंतर जेमतेम वीस किलोमीटर, पण खुन्नस पिढ्यान्‌पिढ्यांची.
हा फरक किती बारीक असतो बघा. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५०पासून अकरा वर्षं ३१३ ठिकाणी माणसं पाठवून म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोली टिपून घेतली. बोली टिपायला पाठवलेल्यांपैकीच एक स्टॅनली एलिस. १९७९ साली यॉर्कशायर रिपर या बायकांचे खून पाडणाऱ्याच्या प्रकरणात पोलिसांना एक टेप आली, 'मीच तो खुनी' म्हणणारी. एलिस यांनी नुसत्या आवाजावरून संडरलंडमधल्या कॅसलटाउन भागावर बोट ठेवलं. ते बरोबर होतं, पण टेपच खोटी! पोलीस त्या हेलाचा माणूस शोधत राहिले आणि ब्रॅडफर्डचा खरा खुनी १९८१पर्यंत मोकळा फिरला. टेपवाला सापडला २००५मध्ये, डीएनएवरून. होता संडरलंडचाच.
तुमच्या प्रश्नाचं उत्तर: लंडनच्या बातम्या बंद करा, बीबीसी रेडिओ न्यूकॅसल लावा. श्रोते फोन करतात ते कार्यक्रम ऐका, निवेदक नव्हे. आणि कळलं नाही तर सरळ विचारा, मान डोलावू नका. वॉर्डात तर मुळीच नाही.

सांगलीची_पोर
मान डोलावण्याबद्दल बोललात ते अगदी वर्मी लागलं, तेच करत होते.
आज आजोबांना डिस्चार्ज मिळाला. वॉकरवर दरवाजापर्यंत चालवत नेलं आणि जाता जाता यमाची गोष्ट सांगितली, रेड्यासकट. 'डिव्हन्ट' म्हणजे 'डोन्ट' हे आता कळतं, त्यामुळे बाकीचंही पहिल्यांदाच सगळं कळलं: घाई करू नकोस म्हणावं त्याला, आणि रेडा मेट्रोत घेत नाहीत.

लीड्सचा_बसवाला
बुसमध्येपण नाही.