मिरच्या उभ्याउभ्या वाळून राहिल्या, मदत हवी आहे (लवकर!)

गच्चीकर: मिरची-वांग्याची झाडं एकामागून एक मान टाकत आहेत. पाणी देऊनही उठत नाहीत. दुकानदार तीन बाटल्या दाखवतो. एकच औषध सांगा.

संत्रावाला_काटोल: बुडातून डिंक येते का? आमी डिंक्याले बोर्डो मलम लावतो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. लोखंडी भांडं नोका घेऊ.

गच्चीकर: अहो भाऊ, मिरची आहे, संत्रा नाही!

मातीमाय: कुंडी की वाफा? बुंध्याशी काय दिसतं?

गच्चीकर: कुंडीच, गच्चीवर, मानेवाड्याला. बुंध्याशी पांढरा कापूस आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे. वर पालापाचोळा टाकलेला आहे.

मातीमाय: हे आधी सांगायचं ना! स्क्लेरोशियम रॉल्फ्साय. १८९२ साली रॉल्फ्स यांनी फ्लोरिडात टोमॅटोवर नोंदवलेली बुरशी. कुजत्या पाल्यावर पोसते, तिथून बुंध्यावर चढते, ऑक्झॅलिक आम्ल सोडून पेशी मारते आणि मेलेलं खाते. ते दाणे या बुरशीचेच, मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मेलेली झाडं मातीसकट काढा, कंपोस्टात टाकू नका. पाचोळाही उचला.

रोज_फवारा: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओता बुडाशी, विषय संपला.

मातीमाय: या बुरशीवर ते फारसं चालत नाही. पूर्ण कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळा, थोडे दिवस ओलसर ठेवा, मग कुंडीत घाला.

रोज_फवारा: ट्रायकोडर्मा पण बुरशीच. चोर पकडायला चोर?

संत्रावाला_काटोल: तसंच असते बाप्पा. भुईमुगात हाच रोग येते, आमी खोल नांगरून बुरशीचे दाणे गाडतो. कुंडीची माती ओली करा, पारदर्शक प्लास्टिकखाली मे महिनाभर उन्हात ठेवा. नागपूरचं ऊन फुकट हाय.

गच्चीकर: मे? ऑगस्ट चालू आहे! उरलेल्या झाडांचं बोला. घरात लहान पोर आहे, विषारी काही नको.

कविता_धरमपेठ: इतक्या कुंड्या ठेवून स्लॅब गळत नाही का? आमचा गळतो. वॉटरप्रूफिंगवाला आहे का कोणी ओळखीचा?

संत्रावाला_काटोल: ताई, वेगळा धागा काढा.

मातीमाय: पाणी निथळतं का, ते अजून सांगितलंच नाही तुम्ही.

गच्चीकर: भोकं आहेत, पण खालच्या बशीत साचतं. बशी काढू?

मातीमाय: आजच काढा. बुंध्याजवळची माती वरून सुकू द्या, झाडं दूरदूर ठेवा. आणि रोगट कुंडीतलं खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्या कुंडीत घालू नका, दाणे त्यावरूनच जातात.